आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचे ऑप्शन

जीटीए व्हाइस सिटी या गेममधे एक चीट होता, म्हणजे खेळताना टाईप करायचा गुप्त शब्द, आयकान्टटेकइटएनीमोअर, मधे स्पेस न देता सलग टाईप करायचा. टाकला की टॉमी, म्हणजे आपण ज्याला खेळवतो तो हिरो, मरायचा. बास, एवढंच त्याचं काम. पोलीस नाहीत, गोळी नाही, गडी उभ्या उभ्या आडवा, स्क्रीनवर वेस्टेड, मग हॉस्पिटलच्या दारात परत हजर, सगळी हत्यारं गायब आणि वर पैसेही कापलेले. सायबर कॅफेत चीट कोडचे जे झेरॉक्स मारलेले कागद फिरायचे ना, त्यात पॅन्झर, अ‍ॅस्पिरिन वगैरेंच्या रांगेत हाही असायचा आणि समोर स्वच्छ लिहिलेलं असायचं की यानी प्लेयर मरतो, तरी प्रत्येक जण एकदा टाकून बघायचाच, आणि टाकून झालं की शेजारच्या कॉम्प्युटरवरच्याला सांगायचा, अरे हा टाक, भारी गाडी येते.

मला या प्रकाराचं लय आकर्षण आहे. म्हणजे गेममधली अशी गोष्ट जी खेळणाऱ्यानं स्वतःच्या हातानं निवडायची आणि जिच्यातनं त्याला फायदा असा काही नाहीच. सौदा असेल तर तो यात धरत नाही मी. सेकिरो नावाच्या गेममध्ये एक घंटा आहे, ती वाजवली की शत्रू तगडे होतात पण मेल्यावर वस्तूही चांगल्या टाकतात, ते ठीक, देणं-घेणं झालं. मी निव्वळ तोट्याबद्दल बोलतोय. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की तोट्याचं बटण ठेवलंय याबद्दल आपली काही तक्रार नाही, खुशाल ठेवा, दहा ठेवा, पण त्याच्यावर तोटा असं लिहा. फायद्याची पाटी लावून तोटा विकला की माझं डोकं फिरतं.

पाटी खरी असली की किती मजा येते त्याचं उदाहरण म्हणजे डार्क सोल्स या गेममधली कॅलॅमिटी रिंग. 2012 च्या डीएलसीत, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या जादा भागात, कॅलॅमीट नावाचा एक काळा ड्रॅगन आहे, त्या सगळ्या डीएलसीतला छळवादी प्राणी, त्याला मारायला लोकांच्या संध्याकाळच्या संध्याकाळी जातात, आणि तो मेला की ही अंगठी मिळते. अंगठीचा गुण काय? घालणाऱ्याला दुप्पट डॅमेज बसतं. दुसरं काही नाही. आणि खाली वर्णनात गेम स्वतःच सांगतो की ही वस्तू काही कामाची नाही, टाकून द्या नाहीतर कुठंतरी बंद करून ठेवा. इतका प्रामाणिक दुकानदार मी बघितला नाही. आता ज्यांना गेम सोपा वाटायला लागलाय ते मुद्दाम ही घालून खेळतात, म्हणजे त्यांच्यासाठी ती हार्ड मोड झाली, आणि कुणी जबरदस्ती केलेली नाही, कुणी फसवलेलं नाही. मस्त आहे.

याच गेमच्या सुरुवातीला एक गिफ्ट निवडायचं असतं आणि त्यात एक पेंडंट आहे, ज्याच्या वर्णनातच लिहिलंय की याचा काही उपयोग नाही. इथपर्यंतसुद्धा ठीक. पण या गेमच्या दिग्दर्शकाला, मियाझाकीला, मुलाखतीत विचारलं की तुम्ही काय घ्याल तर तो म्हणाला पेंडंट किंवा काहीच नाही. झालं! लोकांनी बरीच दारं उघडणारी मास्टर की हे गिफ्ट सोडून पेंडंट घेतलं आणि प्रत्येक दारापाशी, प्रत्येक मूर्तीपुढं, प्रत्येक बॉससमोर ते घेऊन उभे राहिले, नेटवर थिअऱ्या लिहिल्या, आणि नंतर साहेबांनी सांगितलं की जरा गंमत केली होती. (फार तर एका कावळ्याच्या घरट्यात टाकलं की बदल्यात एक छोटी वस्तू मिळते, पण त्यासाठी मास्टर की सोडायची म्हणजे काय.) पाटी खरी होती आणि मालकानं दुकानाबाहेर उभं राहून डोळा मारला. याला मी अर्धी फसवणूक म्हणतो, पण हसू येतं म्हणून माफ.

माफ नाही ते रेझिस्टन्स.

हे जरा सावकाश सांगतो कारण नवीन माणूस हमखास इथं अडकतो. डार्क सोल्समध्ये शत्रू मारून सोल्स मिळतात, ते खर्च करून लेव्हल वाढते, आणि एका लेव्हलला एक पॉइंट, तो आठपैकी एका स्टॅटमध्ये, म्हणजे आपल्या पात्राच्या एका गुणात, टाकायचा. व्हायटॅलिटी, एन्ड्युरन्स, स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी वगैरे, आणि त्यांच्यातच रेझिस्टन्स. पाटीवर काय लिहिलंय तर याने डिफेन्स वाढतो आणि विषबाधेला प्रतिकार वाढतो. आता तुम्ही नवीन आहात, एका घावात मरताय, पुढं ब्लाइटटाउन नावाचा विषारी चिखल आहे असं ऐकलंय, साहजिक तुम्ही काय कराल? टाकाल ना रेझिस्टन्समध्ये. कुठल्याही शहाण्या माणसाला तेच सुचेल. आणि तिथंच गोची आहे, कारण डिफेन्स तर कुठल्याही स्टॅटमध्ये पॉइंट टाकला तरी लेव्हलबरोबर थोडा थोडा वाढतोच, रेझिस्टन्समुळे वर जे मिळतं ते चिमूटभर. तोच पॉइंट व्हायटॅलिटीत गेला असता तर हेल्थ वाढली असती, म्हणजे एका घावाऐवजी दोन घावात मेला असतात, तो खरा डिफेन्स. आणि विषाचं म्हणाल तर एक जांभळं शेवाळ विकत मिळतं, खाल्लं की विष उतरतं, चार-पाच बरोबर ठेवली की चिखल पार.

बरं, नुसता पॉइंट वाया गेला असं असतं तरी चाललं असतं. पण इथं प्रत्येक लेव्हल पुढच्या लेव्हलची किंमत वाढवते. सुरुवातीला सहा-सातशे सोल्समध्ये होणारी गोष्ट पुढं हजारांत जाते, त्यामुळे रेझिस्टन्समध्ये टाकलेला पॉइंट नुसता फुकट जात नाही, तो तुमचे पुढचे सगळे पॉइंट महाग करून जातो. आणि त्या पहिल्या गेममध्ये स्टॅट परत काढून घ्यायची सोय नाही. टाकलं ते टाकलं. कितीतरी लोक वीस-पंचवीस तास खेळून मग गेमची विकी, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेली माहितीची साइट, उघडतात आणि पहिल्याच ओळीत वाचतात की या स्टॅटला हात लावू नका.

यात अजून एक गंमत अशी की 2014 ला दुसरा भाग आला, रेझिस्टन्स काढून टाकलं, आणि त्यात अ‍ॅडॅप्टेबिलिटी नावाचा नवीन स्टॅट आला. जुन्या खेळाडूंनी बघितलं, विषाला प्रतिकार वगैरे लिहिलंय, म्हणाले हां हां ओळखलं तुला, आणि त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पण या वेळी रोल मारताना, म्हणजे कोलांटी मारून घाव चुकवताना, जो क्षणभर तुम्हाला काही लागत नाही तो क्षण याच स्टॅटवर ठरत होता! म्हणजे आधी निरुपयोगी गोष्टीवर कामाची पाटी लावली आणि मग कामाच्या गोष्टीवर निरुपयोगी दिसणारी. धन्य आहे.

कधीकधी मात्र पाटी लिहिणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं. पोकेमॉनचे पहिले गेम, जपानमध्ये 1996 ला आलेले. त्यात फोकस एनर्जी नावाची मूव्ह आहे. एक पूर्ण टर्न खर्च करून पोकेमॉन मन एकाग्र करतो आणि पुढं क्रिटिकल हिट, म्हणजे नेहमीपेक्षा जोरात लागणारा घाव, बसायची शक्यता वाढते, असं अपेक्षित. प्रत्यक्षात कोडमध्ये गडबड, त्यामुळे शक्यता चौपट व्हायच्या ऐवजी पाव होते. वाढायच्या जागी पाव! रॅटाटा नावाचा पोकेमॉन तेविसाव्या लेव्हलला ही मूव्ह शिकतो आणि आपण पोरासारखे खूश होऊन जुनी कुठलीतरी मूव्ह विसरायला लावतो. आणि हे खेळताना कळणार कसं, क्रिटिकल तसाही कधी बसतो कधी नाही, नाही बसला तर आपण नशिबाला शिव्या घालतो, गेमला नाही. पहिल्या फायनल फँटसीतही (1987) असंच एक लॉक-टू नावाचं स्पेल आहे, शत्रूला जखडायला म्हणून टाकायचं, तर बगमुळे शत्रूची चुकवायची ताकद उलटी वाढते. त्याच गेममध्ये इंटेलिजन्स हा स्टॅट आकडा म्हणून दिसतो, वाढतो, आणि जादूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. आपल्या ब्लॅक मेजची, म्हणजे जादूगाराची, बुद्धी वाढलेली बघून किती जण सुखावले असतील.

या बगवाल्यांवर मला राग धरता येत नाही खरं सांगायचं तर. छोट्या कार्ट्रिजमध्ये सगळं कोंबायचं, तपासायला माणसं कमी, आणि मुद्दाम तर कुणी केलेलं नाही.

पाटीच नसलेला प्रकार पण आहे आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. नेटहॅक, 1987 पासून चालू आहे, स्क्रीनवर नुसती अक्षरं आणि चिन्हं. त्यात तळघरात गळ्यात घालायचे ताईत सापडतात आणि कुठला ताईत कशाचा हे सांगितलेलं नसतं, गोल ताईत, त्रिकोणी ताईत एवढंच. एक जीव वाचवणारा असतो, मेलात तरी परत उठवतो. आणि एक गळा आवळणारा असतो, घातला की सहा टर्नमध्ये खेळ खलास, काढता आला तर वाचलात, आणि शापित असेल तर काढताही येत नाही, देवाचा धावा करायचा फक्त. तुम्ही म्हणाल ही तर सरळसरळ फसवणूक, पाटीच नाही! पण नाही. गेमनं शोधायचे रस्ते दिलेत. ताईत वेदीवर ठेवला आणि काळी चमक आली तर शापित. वेदी नसेल तर तुमच्याबरोबर जो कुत्रा किंवा मांजर फिरत असतं त्याच्या वाटेत वस्तू टाका आणि बघत बसा, शापित वस्तूवर ते सहसा पाय ठेवत नाही, ठेवलाच तर गेम सांगतो की नाखुषीनं ठेवला. कुत्र्याच्या चालीवरनं ताईत पारखायचा, यापेक्षा सुंदर गोष्ट मोठमोठ्या बजेटच्या गेममध्ये दाखवा मला. तिथं मेलात तर आपणच घाई केली असं वाटतं. रेझिस्टन्सवाल्याला तसं वाटायची सोय नाही, त्यानं पाटी वाचली होती.

गेमच्या चित्राच्या सेटिंग्जमध्येही अशी तोट्याची बटणं असतात, त्याबद्दल चार ओळी लिहितो नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच. क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन म्हणजे स्वस्त लेन्समध्ये कडांना जो लाल-निळा रंग फाटतो तो दोष, कॅमेरावाले तो घालवायला पैसे मोजतात, आणि गेमवाले मुद्दाम घालतात, वर बऱ्याचदा आधीपासून चालू ठेवतात. फिल्म ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे दाणे, तेच. मोशन ब्लरचं, म्हणजे हलताना चित्र धूसर करण्याचं, समर्थन करणारे भेटतात अधूनमधून, त्यांना नमस्कार. आणि फोनवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळणाऱ्यांना तर सांगायलाच नको, ग्राफिक्स एचडीआरवर नेलं की फ्रेम रेटवर मर्यादा येते, फोन तापतो, म्हणून सगळी शहाणी पोरं ग्राफिक्स स्मूद आणि फ्रेम रेट एक्स्ट्रीमवर ठेवून खेळतात, गेम दिसायला बोडका दिसला तरी बेहत्तर.

जीटीए सॅन अँड्रियास या गेमचं एक राहिलं. त्यात रस्त्यावरचे लोक वेडे होऊन मारामाऱ्या करतात तो चीट आहे, टाकला की पाच मिनिटं धमाल. पण टाकून गेम सेव्ह केला तर तो सेव्हमध्येच राहतो. पुढं खूप पुढं मॅड डॉग नावाचं मिशन येतं, तो रॅपर दारू पिऊन इमारतीच्या गच्चीच्या कडेला उभा असतो, आपण खोके भरलेला ट्रक आणून खाली लावायचा आणि त्याला झेलायचं. चीट सेव्ह झालेला असेल तर आपण ट्रकपर्यंत पोचायच्या आत तो उडी मारतो. दर वेळी. आणि स्टोरी तिथंच संपली. माझ्या मामेभावाचं हेच झालं, त्यानं चीट टाकलाही नव्हता, कॅफेतला कॉम्प्युटर, आठ सेव्ह स्लॉट, दिवसभर कुणीही येऊन कुणाचाही गेम लोड करणार आणि त्याच्यावरच सेव्ह मारून जाणार. तो कितीतरी दिवस ट्रक जोरात चालवायची प्रॅक्टिस करत होता बिचारा. चीटच्या कागदावर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पण सगळ्यात वरचा नंबर माझ्या मते ओब्लिव्हियन या गेमचा, 2006 चा. कारण तिथं तोट्याचं बटण म्हणजे लेव्हल अप. साक्षात लेव्हल अप! तुम्ही वाढलात की जग तुमच्याबरोबर वाढतं, पुढं पुढं रस्त्यावरचा भुरटा चोर ग्लास आर्मर नावाचं महागडं चिलखत घालून तुमच्याकडे शंभर नाणी मागतो, अरे बाबा, एक पायातला बूट विकलास तरी वर्षभर बसून खाशील. त्यात वाईट हे की लेव्हल वाढते ती तुम्ही निवडलेल्या सात मुख्य स्किल्सवरनं. त्यात कुणी अ‍ॅथलेटिक्स आणि अ‍ॅक्रोबॅटिक्स घेतलं तर नुसतं पळून आणि उड्या मारून लेव्हल वाढत राहते, तलवारीचा हात मात्र होता तिथंच, आणि जगातली जनावरं लेव्हलकडे बघून मोठी होतात, हाताकडे बघून नाही. म्हणून जाणकारांनी उलटा रस्ता काढला, जी स्किल्स कधीच वापरायची नाहीत ती मुख्य म्हणून निवडायची, म्हणजे लेव्हल आपल्या ताब्यात. आणि लेव्हल अप व्हायला पलंगावर झोपावं लागतं, त्यामुळे काही जण सरळ झोपायचंच बंद करतात. अख्खं साम्राज्य वाचवायला निघालेला वीर, डोळे तारवटलेले, पलंग दिसला की लांबनं जातो.

मॉडवाल्यांनी, म्हणजे गेममध्ये स्वतःच बदल करणाऱ्या खेळाडूंनी, लगेच दुरुस्त्या काढल्या होत्या याच्यावर. 2025 च्या एप्रिलमध्ये रीमास्टर, म्हणजे त्याच गेमची नव्यानं केलेली आवृत्ती, आलं त्यात कंपनीनंही सुधारलं, आता सगळीच स्किल्स मोजली जातात आणि दर लेव्हलला बारा पॉइंट हवे तिथं टाकायला मिळतात, हिशेब ठेवत बसावं लागत नाही. चोरांचं आर्मर मात्र अजून वाढतंच.