वर्गणी, मोहोर आणि अर्धा गुण

नववी 'ब'चा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास. इतिहासाचे सर आत आले आणि हजेरीही न घेता म्हणाले, "उद्या प्रत्येकानं दहा रुपये आणायचे." कशाला, ते काही बोलले नाहीत. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "कशासाठी, सर?" त्याला धीर येऊन दुसरा म्हणाला, "आणि सहलीचा हिशेब?" सर फळ्याकडे वळले, मोठ्या अक्षरांत १२१५ लिहिलं आणि म्हणाले, "शाबास! इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाला हेच विचारलं." ते दहा रुपये पुढे कुणी मागितले नाहीत.

जॉननं फ्रान्समधला मुलूख गमावला होता. तो परत मिळवायचा तर लढाया, आणि लढाया म्हणजे करावर कर. अखेर सरदारांनी लंडन ताब्यात घेतलं आणि १५ जून १२१५ रोजी थेम्सकाठच्या रनीमीडच्या कुरणात राजाला मॅग्ना कार्टा ही सनद मान्य करावी लागली. चाचणीत मी 'जॉनने सनदेवर सही केली' असं लिहिलं. सरांनी अर्धा गुण कापला. "सही नव्हे, मोहोर! मेणाची." मी आठवडाभर धुसफुसत होतो.

सरदार काही जनतेचे कैवारी नव्हते, आपापली वतनं सांभाळत होते. हेही सरांनीच सांगितलं. वेठीनं राबणाऱ्या भूदासांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. दोन-अडीच महिन्यांत पोपनं सनद रद्दही केली. पण राज्यातल्या मंडळींना विचारल्याशिवाय जादा कर नाही, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. १२२५ साली जॉनच्या मुलाला, तिसऱ्या हेन्री राजाला पैसा हवा होता. त्यानं सनद नव्यानं दिली आणि बदल्यात जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा पदरात पाडून घेतला. रोखठोक सौदा! पुढे १२६५ मध्ये त्याच्याविरुद्ध उठलेल्या सायमन द माँटफर्ट या सरदारानं पार्लमेंटला परगण्यांतून नाइट, म्हणजे छोटे सरदार, तर बोलावलेच, शिवाय काही शहरांतून दोन-दोन नागरिकही बोलावले.

आमच्या वर्गाला खरी मजा आली ती चार्ल्समध्ये. इंग्लंडच्या या पहिल्या चार्ल्स राजानं अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. १६४० मध्ये स्कॉटलंडच्या लढाईनं तिजोरी रिकामी केली, तेव्हा झक मारत बोलावलं. ४ जानेवारी १६४२ ला तो शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला स्वतः सभागृहात आला. हा प्रसंग आम्ही वर्गात केला. चार्ल्सच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, सभापती लेंथॉल मी. पाचही जण आधीच निसटलेले, म्हणजे आमच्याकडे बाकाखाली दडून खिदळत होते. "पाखरं उडालेली दिसतात," चार्ल्स म्हणाला. ते कुठे आहेत, असं त्यानं मला दरडावलं. मी गुडघे टेकले. "महाराज, मला डोळे नाहीत, जीभही नाही..." आणि पुढचं साफ विसरलो. वर्ग हसून लोळला. दारातून सर कुजबुजले, "सभागृह सांगेल तेवढंच!"

चार्ल्सचं डोकं १६४९ मध्ये उडालं. १६८९ च्या बिल ऑफ राइट्स या हक्कांच्या कायद्यानं पार्लमेंटच्या मंजुरीविना करवसुली बेकायदा ठरवली. मत मात्र तेव्हाही मूठभरांनाच होतं. तिथल्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं ते मिळायला १९२८ उजाडलं. आमच्या नाटकातही पार्लमेंटच्या बाकांवर सगळे मुलगेच होते. मुलींनी तक्रार केली, तेव्हा सर म्हणाले, "ते मात्र ऐतिहासिकदृष्ट्या बिनचूक आहे." मुली दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आमचा चार्ल्स आता माजी विद्यार्थी संघाचा खजिनदार आहे. महोत्सवाच्या निधीसाठी त्याचा फोन आला, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "कशासाठी?" त्यानं प्रयोगशाळेची दुरुस्ती, ग्रंथालय, मांडव असं सगळं मुकाट्यानं सांगितलं. मी पैसे पाठवले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पावती आली. सही होती, शिक्का नव्हता. मी अर्धा गुण कापला.