दिवे मिणमिणत होते, बॅटरी मात्र ठणठणीत होती

ऑगस्ट २०२३. आप्पांना कराडला डॉक्टरांकडे दाखवून आम्ही चिपळूणला परतत होतो. पाटणला चहा घेतला तेव्हाच अंधारून आलं होतं, कोयनानगरला पावसाने गाठलं आणि हेळवाक सोडून कुंभार्ली घाटाला लागलो तेव्हा वायपर पूर्ण वेगात चालूनही काच पुसली जात नव्हती. पुढे एक मालट्रक रखडत उतरत होता. त्याच्यामागे क्लच दाबून वळणावर स्टिअरिंग फिरवलं की माझ्या गाडीचे हेडलाइट एकदम पिवळे पडायचे, दोन-तीनदा फडफडायचे आणि वळण संपून थोडी रेस दिली की परत उजळायचे.

"तेल संपत आलेल्या समईसारखं करतायत गं हे दिवे," आप्पा म्हणाले.

मी मागच्या काचेवरचं बाष्प घालवणारा डीफॉगर बंद केला, ब्लोअर एकवर आणला. दिवे जरा स्थिरावले, पण वळणावर पुन्हा तेच. पोफळीला उतरेपर्यंत माझे तळहात घामेजले होते. दिवे गेले असते तर त्या रस्त्यावर गाडी बाजूला घ्यायलाही जागा नव्हती.

गाडी माझी जुनी आहे, २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक. तिने एक मोठं संकटही पाहिलं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ती आमच्या इमारतीखाली उभी होती आणि बॉनेटच्या वरपर्यंत बुडाली होती. नंतर गाळ काढला, सीट उन्हात वाळवल्या, सेल्फ आणि बॅटरी बदलली, इंजिन ऑइल दोनदा बदललं. दोन वर्षं तिने काही कुरकुर केली नव्हती. त्यामुळे दिव्यांचा आणि पुराचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

घाटातल्या त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजला नेली. तिथल्या मुलाने इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढली, इंजिन बंद पडलं नाही म्हणून "डायनमो ओके" (म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक) म्हणाला आणि बॅटरी बदलायला सांगितली. ही तपासणी कुणालाही करू देऊ नका. पूर्वीच्या साध्या गाड्यांमध्ये ते चालून जायचं. आता बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, एका झटक्यात खूप वर उडतो आणि त्याचे डायोड किंवा इंजिनचा कंट्रोल युनिटही जळू शकतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. ४,८०० रुपयांची नवी बॅटरी बसली. आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग दिवे पुन्हा मिणमिणू लागले.

दुसरा सल्ला मिळाला तो जास्त ताकदीच्या बल्बचा. माझ्या गाडीला ६०/५५ वॅटचे बल्ब होते, त्या जागी १००/९० चे बसवले. उजेड वाढल्यासारखा वाटला, पण फडफड उलट वाढली आणि आठवड्याने बल्बच्या मागून प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. होल्डर तपकिरी पडला होता. तिसरीकडे अल्टरनेटरच बदला म्हणाले, खर्च नऊ हजारांच्या पुढे. तिथे मी थांबले. एकामागून एक भाग बदलत चाललो होतो आणि नेमकं काय बिघडलंय हे कुणीच सांगत नव्हतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना ओहमचा नियम फळ्यावर लिहून देते. मग एका रविवारी वही घेऊन बसले आणि दिवे नेमके कधी मंदावतात ते लिहायला लागले. इंजिन स्लो असताना मंद, रेस दिली की तेज. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मंद. ब्रेक दाबला की किंचित. सगळ्यात जास्त, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की. आणि खड्ड्यात आपटलं तरी काही फरक नाही, म्हणजे बल्बच सैल असण्याचा संभव कमी. दोन्ही दिवे एकत्रच मंदावतात, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर.

ही वही घेऊन मी आमच्याकडच्या एका जुन्या वायरमनकडे गेले. अख्खं गाव त्यांना चाचा म्हणतं. पूर आला तेव्हा त्यांच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं, तरी त्यानंतरच्या चार महिन्यांत त्यांनी कितीतरी रिक्षांची आणि गाड्यांची वायरिंग सोडवून दिली. त्यांनी वही पूर्ण वाचली. मग म्हणाले, "बाई, स्टिअरिंगचं लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग करंटवर चालतं. गाडी हळू असताना ते सगळ्यात जास्त ओढतं. आणि त्याच वेळी डायनमो सगळ्यात कमी देत असतो."

घाटातल्या त्या वळणांचं कोडं मला तिथेच उलगडलं. लहान गाड्यांच्या अल्टरनेटरवर साठ-सत्तर अँपिअर असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा इंजिन वेगात फिरत असतानाचा. स्लो रनिंगला, इंजिन मिनिटाला ७००-८०० फेरे घेत असताना, तो त्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. वळणावर वायपर, ब्लोअर, डीफॉगर, हेडलाइट, ब्रेकचे दिवे आणि वर स्टिअरिंगची मोटर, सगळे एकाच वेळी ताटावर बसलेले. थोडं मंदावणं त्यामुळे समजण्यासारखं आहे. पण चाचांचं म्हणणं होतं की धडधाकट गाडीत ते डोळ्यांना जाणवतं न जाणवतं इतकंच असतं, फडफड होत नाही.

"आधी मीटर लावू. मग काय बदलायचं ते बोलू."

मी ६५० रुपयांचा मल्टिमीटर विकत घेतला होता, तोच वापरायचं ठरलं. चाचांनी पहिली ताकीद दिली: मीटर व्होल्टवरच ठेवायचा. अँपिअरच्या खाचेत वायर लावून बॅटरीला टेकवलात तर बॅटरी मीटरमधून शॉर्ट होते, ठिणगी उडते, मीटर जातो.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचा आकडा तोच. १२.२ असता तर निम्मी रिकामी, १२ च्या खाली असता तर जवळपास संपलेली. सेल्फ मारताना आकडा १०.४ पर्यंत उतरला आणि परत आला, तेही ठीक. इंजिन सुरू, काहीच चालू नाही: १४.२. म्हणजे अल्टरनेटर भरतोय. मग दिवे, ब्लोअर, डीफॉगर, वायपर सगळं चालू केलं, रेस न देता. १३.५. "बघा," चाचा म्हणाले, "हा डायनमो बदलायला निघाला होतात." डायोड तपासायला मीटर एसीवर, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या करंटचा दाब मोजायच्या खुणेवर, घेऊन बॅटरीवर लावला. अल्टरनेटर आत एसीच बनवतो, डायोड त्याचं एकाच दिशेने वाहणारं डीसी करतात, एखादा डायोड गेला की एसीची लहर बाहेर निसटते आणि दिवे थरथरतात. ती अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर शंका घ्यायची. आमच्याकडे जवळजवळ शून्य होती.

मग मीटर बॅटरीवरून काढून हेडलाइटच्या होल्डरमध्ये लावला. बल्ब लावलेला, दिवा चालू, होल्डरच्या मागून टोकं घुसवलेली. आकडा: ११.३.

बॅटरीवर १३.५ आणि बल्बपाशी ११.३. मधल्या वाटेत २.२ व्होल्ट गायब. शाळेत आम्ही म्हणतो वायरचा रोध नगण्य मानू. इथे तो नगण्य नव्हता. आणि हॅलोजन बल्बचं असं आहे की दाब थोडा कमी झाला तरी उजेड त्याहून कितीतरी जास्त घटतो, साधारण दाबाच्या साडेतीन घाताच्या हिशोबाने. मी वहीत गणित केलं. माझ्या बल्बला मिळायला हवा त्याच्या निम्म्याहून जरासाच जास्त उजेड मिळत होता. त्या उजेडात मी आप्पांना घेऊन घाट उतरले होते.

आता ते २.२ व्होल्ट कुठे सांडतात ते शोधायचं होतं. ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण तिला काहीही उघडावं लागत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लस पिनवर. दिवा चालू असताना जो आकडा येतो तेवढा दाब त्या वाटेने खाल्ला. ०.८ आला. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा होता. मग बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थ पिनपर्यंत, म्हणजे परतीच्या वाटेवर: १.४. मोठा चोर इकडे होता. मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकला टेकवलं तर जेमतेम ०.०५. मायनसपासून गाडीच्या बॉडीला टेकवलं तर १.३.

"स्टिअरिंग फिरवा," चाचा म्हणाले. मी फिरवलं. १.३ चे २.३ झाले आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड फडफडला.

गाडीत प्लसची वायर प्रत्येक उपकरणापर्यंत जाते, पण परतीची वाट बहुतेकदा गाडीचा पत्राच असतो. त्या पत्र्यापासून बॅटरीपर्यंत करंट एखाद-दोन वायरींनी परत येतो. ती वायर अडली की दिवे, स्टिअरिंग, पंखा, वायपर सगळ्यांच्या परतीच्या वाटेवर गर्दी होते आणि एकाने जास्त ओढलं की बाकीच्यांचा दाब कमी होतो.

बॅटरी उतरली की दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट करायला वापरतात ती जंपर केबल चाचांनी आणली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा सस्पेन्शनच्या वरच्या स्वच्छ बोल्टवर. भिंतीवरचे दोन पिवळे गोल पांढरे झाले. मी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. काहीही हललं नाही. एका महिन्याचा त्रास, बॅटरीचे ४,८०० रुपये, बल्बचे वेगळे, आणि उत्तर होतं एक केबल. मी तिथे स्टूलवर बसून राहिले थोडा वेळ.

मग इंजिन बंद करून बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी काळी वायर काढली. वरून ती अगदी छान होती, टेपही शाबूत. हाताला मात्र कोमट लागत होती. थिंबलपाशी, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीपाशी, आवरण कापलं तर आत तांबं दिसेना. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की जसा हिरवा कळंक चढतो तसा, आणि त्याच्याखाली काळी भुकटी. निम्म्याहून अधिक तारा बोटाने मोडत होत्या. चाचांनी वायर आणखी वर कापली. वीतभर आतपर्यंत तेच.

"पुराचं पाणी," ते म्हणाले. "वात तेल ओढते ना, तसं तारांच्या मधून आवरणाच्या आत चढतं. बाहेरून सुकतं, आत सुकत नाही. दोन वर्षं खात बसतं."

इंजिनला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टीही खालच्या टोकाला तुटून लोंबत होती. ती शाबूत असती तर करंटला दुसरी वाट मिळाली असती. दोन्ही एकत्र गेल्या म्हणून हे झालं. पुरात बुडालेल्या गाड्या आमच्या भागात अजून पुष्कळ फिरतायत, काही दुसऱ्यांना विकल्याही गेल्या आहेत. त्यांच्या मालकांना मी हे आवर्जून सांगते: सीटखालचा गाळ काढलात, तसे बॅटरीपासून बॉडीला जाणारे नट एकदा उघडून बघा.

दुरुस्तीत फार काही सांगण्यासारखं नाही. दोन्ही अर्थ वायरी नव्या, जाड, थिंबल दाबून बसवलेल्या. पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत केला, नट आवळले, वरून पेट्रोलियम जेली लावली. हेडलाइटच्या मागचे अर्थचे स्क्रूही तसेच साफ केले. राहिले प्लसच्या बाजूचे ०.८. माझ्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगपाशी असलेल्या स्विचमधून फिरून यायचा. चाचांनी अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारे स्विच, टाकले. आता स्टिअरिंगपाशचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बला करंट थेट बॅटरीकडून, फ्यूजमधून येतो. जळका होल्डर बदलून चिनी मातीचा बसवला. १००/९० चे बल्ब काढून ६०/५५ चेच परत लावले. सगळं मिळून खर्च १,९०० रुपये.

शेवटी पुन्हा मोजलं, कारण चाचांच्या मते न मोजता दिलेली गाडी म्हणजे अर्धं काम. सगळं चालू, रेस नाही: बॉडी ते मायनस ०.०६, प्लसच्या बाजूला ०.२५, बल्बपाशी १३.२. जुन्याच ताकदीचे बल्ब, आणि भिंतीवर मी आजवर त्या गाडीचा कधी पाहिला नव्हता इतका उजेड. तो इतका वाढला की समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून दिव्यांचा रोख थोडा खाली घ्यावा लागला.

सप्टेंबरमध्ये आप्पांची पुढची तारीख होती. मुद्दाम उशिरा निघालो नाही, पण कराडला दवाखान्यातच उशीर झाला आणि घाटाला लागेपर्यंत आठ वाजून गेले. पाऊस होता, धुकंही होतं. पहिल्या मोठ्या वळणावर मी क्लच दाबला, स्टिअरिंग फिरवलं. कठड्यावरचा पांढरा-काळा रंग वळण संपेपर्यंत तसाच स्वच्छ दिसत राहिला. आप्पा शेजारी झोपले होते.

मीटर मी गाडीतच ठेवते. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीत एकदा मोजून वहीत लिहिते. गेल्या जूनमध्ये बॉडी ते मायनसचा आकडा ०.०६ वरून ०.१४ वर गेलेला दिसला. दिव्यांत काही फरक जाणवत नव्हता. तरी दहा नंबरचा पाना घेऊन नट उघडला, पत्रा घासला, जेली लावली आणि परत आवळला. ०.०५.