सहाशे ग्रॅम

तालुक्याच्या शालेय कुस्ती स्पर्धा आल्या की माझी ड्युटी ठरलेली: मुलींची वजनं. चौदा वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्म गेला, पण मॅटवर स्वतः कधी उतरले नाही. शिट्टीपेक्षा मला काटा बरा वाटतो. पंचाशी लोक भांडतात, काट्याशी कोण भांडणार?

सकाळी सात ते आठ वजनं. शाळेची एक खोली, दाराला चादर, आत मी आणि शिपाईमावशी. नखं कापलीत का बघायचं, केसांत पिना नाहीत ना बघायचं आणि काट्यावर उभं करायचं. वजन कॉस्च्युमवरच होतं आणि त्या कापडाची सूटही मिळत नाही. सतरा वर्षांखालच्या मुलींचे गट ४०, ४३, ४६, ४९ असे चढत जातात. वेळेच्या आत कितीही वेळा काट्यावर चढता येतं, त्यामुळे एखादी ग्रॅमभर जास्त भरली की धावायला पळते.

त्या दिवशी नववीतली एक पोरगी ४६ ला आली आणि ४६.६०० भरली. चादर बाजूला करून बाहेर गेली, "पप्पा, सहाशे," एवढंच म्हणाली.

तिच्या वडलांना मी ओळखत होते. दुधाची गाडी चालवतात. पूर्वी जत्रेची मैदानं खेळलेला गडी, गुडघा गेला आणि माती सुटली. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी लेकीसाठी आखाडा केलाय. तांबडी माती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. मॅटचे पैसे नाहीत म्हणून माती. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा पोरीला दुधाच्या गाडीतूनच घेऊन गेले होते. प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि ही घरी येताना म्हणे बदामाचा भाव विचारत होती. बदाम वाटायचं काम अर्थात आईकडं आलं. पहाटे चारला.

म्हणजे घरच्यांचा पाठिंबा नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. मला त्या दिवशी भीती वाटली ती त्या पाठिंब्याचीच.

पोरगी दोन स्वेटर आणि वर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारत होती. तोंडात च्युइंगम, दर दहा पावलांवर थुंकत होती. वडील बरोबरीनं पळत होते, लंगडत. आठला आठ मिनिटं असताना पुन्हा काट्यावर आली. ४६.३००. ओठांना पापुद्रे सुटलेले, हात धरला तर गार. मी विचारलं, "पाणी कधी प्यायलीस?"

"काल दुपारी."

बाहेर वडलांनी पिशवीतून कात्री काढली. घरातनंच आणली होती. विनेश फोगाटचं त्यांना पाठ होतं. पॅरिस ऑलिम्पिकला ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी ५० किलोला ती १०० ग्रॅम जास्त भरली होती. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी फायनल गेली. ते सगळं ऐकून माणसानं केस कापायची युक्ती तेवढी उचलावी, याचं मला आजही नवल वाटतं.

तेवढ्यात डबा घेऊन आई आणि आज्जी एसटीनं पोचल्या. आईनं आधी कात्री घेतली, मग बोलली. "अवो, म्हशीनं एक वक्ताला पेंड टाकली तर तुम्ही रातभर झोपत न्हाईसा. ही काल दुपारपास्नं उपाशी हाय."

वडील म्हणाले, "४९ ला तिकडच्या तालमीची पोरगी हाय. हिला झेपायची न्हाई."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्याकडं तालुक्याला काट्यावर गट बदलून देतात, जिल्ह्याला नाही. मी पोरीला विचारलं. आमच्याकडच्या पोरी 'करते', 'जाते' म्हणत नाहीत, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.

"४९ ला खेळतो मी."

"भीती नाही वाटत?"

"भूक लागलीया, मॅडम."

मी ४६ खोडून ४९ लिहिलं आणि सही घेतली. सात छप्पन झाले होते.

पहिली कुस्ती तिनं मिनिटाच्या आत चीतपट केली, एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय ओढून. फायनल त्या तालमीच्या पोरीशी. आधीच तिचा कब्जा बसला, म्हणजे खाली घेऊन पाठीवर ताबा, दोन गुण. त्यावर भारंदाज, म्हणजे कंबर धरून उलटवणं, आणखी दोन. ०-४. दुसऱ्या फेरीत हिनं दोनदा मॅटबाहेर ढकलून एकेक गुण घेतला आणि शेवटच्या दहा सेकंदांत दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय ओढून दोन गुण. ४-४. आज्जी टाळ्या वाजवायला उठली आणि पंचांनी हात वर केला तो दुसरीचा. गुण समान झाले की मोठ्या गुणांचे डाव कुणाचे जास्त ते बघतात. तिचे दोन, हिचा एक.

"सारखंच झालंय की! मग आमची हरली कशी?" आज्जीनं पंचांना गाठलं. पंच बिचारा समजावत होता. शेवटी पोरीनंच आज्जीला बोटांवर हिशोब सांगितला, आणि तो सांगताना रडली.

संध्याकाळी मी काटा आवरत होते, तर चौघंही दारात. भाकरी, मटकी, चार केळी, दोन तांबे पाणी झालं होतं. पोरीला बघायचं होतं आता किती भरतंय.

४८.१००.

वडलांनी खिशातली वही काढली. त्यात रोजची वजनं, तारखेसकट. आकडा बघून पेनाचं टोपण उघडलं.

"पप्पा, थांबा, लिव्हू नका," पोरगी म्हणाली. "आजून लाडू ऱ्हायल्यात."