आमची वाटचाल : बोर्ड लांबनं वाचायचा असतोय

आमच्या धंद्याला नक्की काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, कागदोपत्री हस्तकला असं काहीतरी लिहिलंय, गल्लीत बाहुल्या रंगवणारे म्हणतात आणि आई पाहुण्यांना सांगते की पोरगा सैन्याचं काम करतोय, मग पाहुणे उगाच ताठ बसतात. खरं काम असं की इंग्लंड-अमेरिकेत आणि आता थोडंफार पुण्या-मुंबईतपण लोक टेबलावर जुन्या लढाया खेळतात, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, पलटण पुढं सरकवायची. त्याला लागणारे शिपाई धातूचे नाहीतर प्लास्टिकचे असतात, बहुतेक २८ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढे धरा, आणि ते कोरे मिळतात. ते आम्ही रंगवून देतो.

आण्णा म्हणजे माझे वडील बोर्ड पेंटर. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ छोटा गाळा होता, दुकानांचे बोर्ड, मंडळांचे कापडी फलक, ट्रकच्या मागची अक्षरं, सगळं हातानं. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत गाळा सोडायची वेळ आली. मी तोवर उद्यमनगरात कारखान्यात सीएनसी मशीनवर लागलेलो, ब्रश हातात यायचा तो फक्त दिवाळीआधी, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं कोरे मावळे आणायचे, रंगवायचे, किल्ले करणाऱ्या पोरांना विकायचे. तेवढ्यावर दिवाळीचे कपडे निघायचे.

ते मावळे बघून पुण्याच्या मावसभावानं २४ फ्रेंच शिपाई आणून दिले, नेपोलियनच्या पायदळाचे. एकाचे १२० देतो म्हणाला. मी खूश. एकेकाला चार चार तास घातले, बटणं काढली, डोळ्यात बुबुळं काढली, एकाला तर मिशीखाली सावली काढली. हिशोब केला तर तासाला ३० रुपये पडले, उद्यमनगरातला हेल्परपण हसला असता. आणि टेबलावर मांडून चार पावलं मागं गेलो तर काहीच दिसंना, नुसता काळपट निळा गोळा.

आण्णा बाजूला चहा पीत होते. म्हणाले, "बोर्ड लांबनं वाचायचा असतोय. तू अक्षराच्या पोटात नक्षी काढलीस आणि कडाच दिली नाहीस." मग चष्मा चढवला, माझाच झिरो नंबरचा ब्रश घेतला, आणि एकाच्या छातीवरचे दोन पांढरे पट्टे झक्क पांढरे करून त्यांच्या दोन्ही बाजूनं काळी बारीक रेघ ओढली, कोटाच्या खांद्यावर फिकट निळा एक एक फटका दिला. पाच मिनिटं लागली असतील. तो एकटा शिपाई पलीकडच्या खोलीतनंपण शिपाई दिसत होता. इंग्रजीत या काळ्या रेघेला वेगळं नाव आहे, त्यावर लोक तासतासभर व्हिडिओ करतात, आण्णा त्याला नुसतं कडा म्हणतात.

तिथनं पुढं सगळी पद्धत बदलली. एकेक शिपाई पूर्ण करायचाच नाही. साच्याची रेघ कानशीनं घासायची, भांड्याच्या साबणानं धुवायचं, आइस्क्रीमच्या काड्यांवर फेविकॉलच्या थेंबानं उभे करायचे, काळा प्रायमर, आणि मग आतनं बाहेर, आधी चेहरा-हात, मग पॅंट, मग कोट, सगळ्यात शेवटी पट्टे आणि बंदूक. एका माणसानं एकच रंग २४ जणांना लावायचा. पातळ तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा रंग, सोडला की घड्या आपोआप उठतात, त्यावर उजळ फटके, की झालं. चार तासांचं काम ४० मिनिटांवर आलं. माणसं मिळाली ती अशी की हुपरीकडच्या दोन ताई आधी पैंजणाच्या कड्या जुळवायच्या, त्यांना बारीक कामाची सवय होतीच, वर त्या माझ्यापेक्षा कमी बोलतात. जुने धातूचे नग आले तर त्यात शिसं असतंय, म्हणून घासताना मास्क आणि टेबलावर चहा बंद हा नियम, जो फक्त आण्णा मोडतात.

चुका लई केल्या. ब्रिटिशांचे कोट लाल, पण कॉलर आणि कफांचा रंग रेजिमेंटप्रमाणं वेगळा. वॉटर्लूच्या लढाईतल्या हॅल्केट ब्रिगेडची, म्हणजे चार ब्रिटिश रेजिमेंटांच्या तुकडीची, ऑर्डर होती, ३०वी फिकट पिवळी, ६९वी हिरवी, ७३वी गडद हिरवी, आणि ३३व्या रेजिमेंटपुढं लिहिलेलं लाल. कोटपण लाल आणि कॉलरपण लाल कसं असेल, लिहिणाऱ्याची चूक असणार, असं मीच ठरवून टाकलं आणि पिवळी केली. ३३वीची कॉलर खरंच लाल होती. सगळे परत रंगवून दिले, फुकट. त्याच ऑर्डरीत बेसवर पन्हाळ्याची तांबडी माती लावून पाठवलेली, कारण ती चाळून छान बसते. गिऱ्हाईक सज्जन माणूस, त्यानं एवढंच लिहिलं की १८ जून १८१५ ला वॉटर्लूत आदल्या रात्रीच्या पावसाचा चिखल आणि राईचं पीक होतं, ही माती कुठली? तेव्हापासून टिंबर मार्केटमधनं लाकडाचा भुसा आणतो, चाळून चार हिरव्या छटांत रंगवून ठेवलाय, आणि माती लढाईप्रमाणं.

कोल्हापूरचा पावसाळा हा आमचा दुसरा शत्रू. एका जुलैत १२० नगांवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि दमट हवेनं सगळे पांढरट पडले, पीठ उडवल्यासारखे. मी रडायच्या बेतात. नंतर कळलं की ग्लॉसचा एक हात ब्रशनं दिला की बरंचसं परत दिसायला लागतं, कोरडा दिवस बघून वर परत मॅट. आता जून ते सप्टेंबर स्प्रे बंद, हातानंच लावतो. २०१९ च्या महापुरात माल तयार होता पण शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, पार्सल घेऊन जाणार कुठं? २०२१ ला परत तेच, तेव्हा मात्र गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवलेलं. कस्टममध्ये एकदा खोकं दीड महिना पडून होतं, खेळणी की धातूचे भाग यावर कागद फिरत राहिले. त्यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतंय.

मग असईची ऑर्डर आली. गिऱ्हाईक लिहितोय, तुम्ही महाराष्ट्रातले, तुम्हाला ही लढाई तोंडपाठ असेल. खरं सांगतो, असई जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ आहे हे मी नकाशात शोधलं. २३ सप्टेंबर १८०३, एका बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, दुसऱ्या बाजूला शिंद्यांची कवायती पलटण, जी युरोपियन पद्धतीनं तयार केलेली आणि तोफा चालवण्यात लई पटाईत. वेलस्लीकडची ७८वी हायलँडर रेजिमेंट बदामी कॉलरची, ७४वी पांढऱ्या. बेसला काळी माती, ती मावशीच्या परभणीच्या शेतातली आणली, एक डबा भरून. शिंद्यांचे घोडेस्वार करताना त्यानं लिहिलेलं, चार पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेला घोडा सरदाराला द्या. आण्णा म्हणाले एवढं लांबड कशाला, पंचकल्याणी म्हण की.

सध्या पुण्याच्या एका ग्रुपसाठी पावनखिंड चालू आहे, १३ जुलै १६६०, बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे, समोर सिद्दी जौहरची फौज. वाटलं घरचंच काम, पटकन होईल. उलटंच झालं. नेपोलियनच्या शिपायाला गणवेश असतो, मावळ्याला नाही, कुणाचं अंगरखं मळकं पांढरं, कुणाचं निळीत बुडवलेलं, कुणाचं मंजिष्ठेचं लालसर, पगड्या तर प्रत्येकाच्या वेगळ्या, त्यामुळं एक माणूस एक रंग ही आमची पद्धतच चालत नाही. म्हणून मावळ्याचा रेट आम्ही जास्त लावतो आणि त्यावरनं भांडणं होतात, घरच्या माणसाला जास्त पैसे का म्हणून. मर्दानी खेळाच्या आखाड्यात जाऊन विटा (दोरी बांधलेला भाला) आणि दांडपट्टा हातात कसा धरतात त्याचे फोटो काढून आणले, कारण आलेल्या मूर्तीत एकाचा पट्टा उलटा चिकटवायला दिलेला होता.

आण्णांना आता जवळचं दिसत नाही, ब्रश सुटला. पण खोकं बंद करायच्या आधी सगळी पलटण टेबलावर मांडायची आणि आण्णांनी उंबऱ्यातनं बघायचं, हा नियम आहे. परवा ६० मावळे मांडले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, तिसऱ्या ओळीत डावीकडनं चौथा, तो कोण आहे रे, डोक्याला काय नाही त्याच्या? मी म्हटलं आण्णा, तुम्हाला तिथनं काय दिसणार, ताईंनी दोनदा मोजलेत. जाऊन उचलला तर पगडी अजून प्रायमरचीच, काळी.