बावीस सेकंदांची एनओसी

ट्रंपेट वाजवणाऱ्या आमच्या एका अंकलवरचा आमचा माहितीपट एक्केचाळीस मिनिटांचा आहे. शूटिंग अकरा दिवसांत उरकलं, एडिटिंगला दोन महिने लागले. आणि त्यातल्या एका गाण्याच्या एनओसीला, म्हणजे ते वापरायच्या ना-हरकत पत्राला, आठ महिने! ते गाणं तरी केवढं, दीड मिनिटाचं. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा वाचताना सांभाळून घ्या.

अंकल गिरगावात खोताच्या वाडीत राहतात. लहानपणी दिवेलागणीला आमच्या चाळीत शुभंकरोती आणि वाडीतून त्यांचा ट्रंपेट असं एकदमच चालायचं. माणूस मूळचा गोव्याचा. तिथे चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला शिकवत, आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात पुढे तीच मुलं भरली. अंकल रात्री चर्चगेटला जॅझ वाजवायचे आणि सकाळी ताडदेवला रेकॉर्डिंगला हजर व्हायचे. सी. रामचंद्रांबरोबरचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनकडचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा ही नावं निदान दर्दी लोकांना माहीत असतात. अंकल त्यांच्या मागच्या रांगेतले. १९६३ च्या एका सिनेमात क्लबमधलं गाणं आहे, त्यात अंतऱ्याच्या आधी सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा ट्रंपेट वाजतो. तो अंकलचा. हे गाणं नसेल तर फिल्म कशाला करायची?

शूटिंगची परवानगी, सेन्सॉर, सगळं सुरळीत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गाणं ज्या कंपनीकडे आहे तिचं ऑफिस अंधेरीत. पहिले दोन महिने माझ्या मेलना उत्तरच नाही. मग अर्धा दिवस रजा टाकून गेले, तर रिसेप्शनवरच्या मुलीने मेल करायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला एक सद्गृहस्थ भेटले. त्यांनी फॉर्म दिला. गायक, संगीतकार, गीतकार, बॅनर, आयएसआरसी नंबर (रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक), किती सेकंद, कुठल्या देशात, किती वर्षं. वाजवणाऱ्यासाठी रकानाच नाही. मी ‘शेरा’मध्ये अंकलचं नाव लिहिलं. बारा दिवसांनी फॉर्म परत: शेरा रिकामा ठेवावा.

(आयएसआरसी नंबरसाठी मी आठवडा घालवला. १९६३ च्या तबकडीवर तो असणार कुठून, ती पद्धतच ऐंशीच्या दशकातली! गाणं नंतर डिजिटल झालं की नंबर मिळतो. तो शोधायची फुकट साइट आहे, पाच मिनिटांचं काम.)

दुसऱ्यांदा फॉर्म भरला. यावेळी त्यांना पुरावा हवा होता, की ‘संबंधित कलाकारा’चा या गाण्याशी संबंध आहे. अंकलकडे काय असणार? रेकॉर्डिंग झालं की पैसे हातात. तबकडीवर नाव नाही, पडद्यावर नाही. वाजवणाऱ्याचा हक्क आपल्या कायद्यात आला तोच १९९४ च्या दुरुस्तीने. मी फॉर्म देणाऱ्या साहेबांना म्हटलं, त्यांना समोर आणून बसवते, वाजवून दाखवतील. ते म्हणाले, “मॅडम, तशी प्रोसिजर नाही.” अंकल चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्याच फुंकरीसाठी मी त्यांच्या ओळखीचा पुरावा गोळा करत होते.

मग मी कायदा वाचायला घेतला, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६३ चं रेकॉर्डिंग २०२३ च्या ३१ डिसेंबरलाच मोकळं झालेलं! मी पेढे आणायच्या बेतात होते. वकील मैत्रिणीने आवरलं. चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा असतो, रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. आमचे संगीतकार ऐंशीच्या दशकात गेले. म्हणजे रेकॉर्डिंग मोकळं आणि चाल कुलपात, आणि किल्ली त्याच कंपनीकडे. समीक्षेसाठी थोडा भाग वापरायची सूट कायद्यात आहे, पण मैत्रीण म्हणाली, ती कोर्टात उभं राहिल्यावर कामाला येते, त्यांच्या दारात नाही.

सहाव्या महिन्यात गाण्यासाठी ते किती पैसे मागतात तो आकडा कळला. माझ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त.

फिल्ममधल्या गच्चीवरच्या प्रसंगाचं आधीच सांगायला हवं होतं. तिथे अंकल गर्शविन या अमेरिकन संगीतकाराची एक धून वाजवतात. गर्शविन १९३७ ला गेला, त्याच्या चालीवरचा हक्क आपल्याकडे केव्हाच संपला. अमेरिकेत मात्र इतक्या जुन्या रचनेला प्रसिद्धीपासून पंच्याण्णव वर्षं धरतात, आणि ही धून १९३५ ची. मी प्रसंग ठेवला, तिकडच्या महोत्सवांचा नाद सोडला.

सुटका झाली ती एका शिकाऊ मुलामुळे. साहेब जेवायला गेले होते, तो एकटाच टेबलावर होता. त्याने फॉर्म उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही ‘सर्व माध्यमं, सर्व देश, कायमस्वरूपी’वर टिक केलंय. कशाला? फक्त भारतातले महोत्सव आणि विनातिकीट खेळ लिहा, दोन वर्षं लिहा. आणि तीस सेकंदांच्या आत बसवा, तो दर वेगळा आहे.” आठ महिने त्या एका टिक-मार्कची किंमत मला कोणी सांगितली नव्हती. पुराव्याचा विषय पुन्हा कोणी काढलाही नाही. नवव्या दिवशी एनओसी आली.

कात्री मात्र मला लावावी लागली. गायिकेचा मुखडा गेला, अंतरा गेला, उरला फक्त ट्रंपेट. बावीस सेकंद. अंकलना दाखवताना माझा जीव वर-खाली होत होता. “गाणं कापावं लागलं, अंकल.”

त्यांनी दोनदा ऐकलं. “हांवें तितलेंच वाजयलें गो, बाय.” मग जरा थांबून विचारलं, “कितले घेतले तांणी?”

मी आकडा सांगितला.

“म्हाका तेन्ना तीस रुपये मेळिल्ले,” ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

परवाना पुढच्या दिवाळीपर्यंत आहे. कोणाच्या वाचनालयात प्रोजेक्टर असेल आणि तिकीट लावणार नसाल, तर त्याआधी सांगा. अंकलना यायला आवडतं, फक्त जिने नकोत.