आमची वाटचाल : काच, बीडीए आणि यादीतलं एकच नाव

टेक्ससमध्ये ऊन मी म्हणतं, म्हणून इथला प्रत्येक बिल्डर लो-ई काच लावतो. काचेवरचा तो धातूचा पातळ थर उष्णता परतवतो आणि तिच्याबरोबर फायरवाल्यांच्या रेडिओचा ८०० मेगाहर्ट्झचा सिग्नलही. अशा इमारतींत तो सिग्नल वाढवणारी यंत्रं, म्हणजे बीडीए, बसवणं हा आमचा धंदा. आमचं घर चाललं ते या काचेवर.

२००९च्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये कलम ५१० आलं. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर ९५ टक्के भागात फायरवाल्यांचा रेडिओ चालला पाहिजे, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सिग्नलची ताकद निदान उणे ९५ डीबीएम. मी तोवर मोबाइल कंपन्यांसाठी मॉल आणि स्टेडियममध्ये डॅस, म्हणजे सिग्नल आत पसरवणारं अँटेनांचं जाळं, बसवत होतो. नोकरी सोडायची म्हटल्यावर सौ. म्हणाली, "आग लागली तरच उपयोगी पडणाऱ्या वस्तूचे पैसे कोण देणार?" बरोबर होतं तिचं. खुशीने आजही कोणी देत नाही. इमारत वापरायची परवानगी (सीओ) अडकली की देतात.

डॅलसच्या आसपास, प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या पट्ट्यात गॅरेजमधून सुरुवात केली. टेक्ससमध्ये प्रत्येक शहर आपल्या ठरावाने कोड स्वीकारतं. त्यामुळे रस्त्याच्या या बाजूला एक आवृत्ती, त्या बाजूला दुसरी, आणि फायर मार्शलची मर्जी ही तिसरी. पहिली मोठी खरेदी सेकंडहँड स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरची (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते रेषेने दाखवणारं यंत्र), कोपऱ्यांवरचं रबर निघालेला. पुढे नवे घेतले, पण नॉइज फ्लोअर, म्हणजे मागचा कायमचा गोंगाट, बघायचा असला की मी अजून तोच काढतो. दुसरी लाडकी वस्तू म्हणजे अर्धा इंची हार्डलाइन, म्हणजे सिग्नलची कडक केबल, सोलायचं प्रेप टूल. नवीन पोरं कटरच्या पात्याने केबल सोलतात, तांब्यावर ओरखडा पाडतात आणि व्हीएसडब्ल्यूआर (केबलमधून उलट परतणाऱ्या सिग्नलचं माप) बिघडला की मीटरला शिव्या देतात. टूल सावकाश फिरवायचं, सेंटर कंडक्टरची धार कानशीने मारायची, तांब्याचा कीस झटकून टाकायचा आणि कनेक्टर टॉर्क पान्याने आवळायचा. हाताला घट्ट लागलं म्हणून सोडून द्यायचा नाही.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गोदामं, शाळा, अपार्टमेंट. कामं येत गेली, माणसं वाढली. सांगायचंय ते त्या पत्राबद्दल.

जवळच्याच एका शहराच्या रेडिओ विभागाचं पत्र. तुमच्या बीडीएमुळे आमच्या साइटवर अपलिंकचा (रेडिओकडून टॉवरकडे येणाऱ्या सिग्नलचा) नॉइज वाढलाय, पोलिसांचे कॉल तुटताहेत, ताबडतोब बंद करा. तो बीडीए एका हॉटेलात होता. काम संपलेलं, शहराची शेवटची मंजुरी, फायनल अ‍ॅक्सेप्टन्स, तेवढी बाकी. पत्र आम्हालाच का? तर क्लास बी, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा रुंद पट्टा वाढवणारा बूस्टर एफसीसीकडे (अमेरिकेचं रेडिओ नियामक खातं) नोंदवावा लागतो आणि आम्ही तो नोंदवला होता. त्या भागातल्या यादीत नाव आमचं एकट्याचं. ज्याने नोंदवलाच नाही त्याला पत्र कोण पाठवणार? म्हणजे नियम पाळला आम्ही, आणि त्या नियमाने सापडलोही आम्हीच.

आम्ही बीडीए बंद केला. नॉइज तसाच. तसं कळवलं, तर उत्तर नाही. उलट त्या शहरातली आमची बाकीची अ‍ॅक्सेप्टन्सही थांबवली. एका जीसीला (मुख्य कंत्राटदाराला) कळलं, त्याच्याकडून दुसऱ्याला. बिलं अडकली. डिस्ट्रिब्युटरचे फोन सुरू झाले, कारण माल उधारीवर उचललेला. घरावर दुसरं कर्ज काढलं आणि दोन पोरांना दुसरीकडे काम बघायला सांगितलं.

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. बाई म्हणजे एका प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनीच्या प्रमुख, टेक्ससच्याच, साठी उलटलेल्या, तोंडाने फटकळ. आम्ही आपसात त्यांना बाईच म्हणतो. एनएफपीए ही आगसुरक्षेची मानकं ठरवणारी संस्था पंप रूम, कमांड सेंटर, बंदिस्त जिने अशा ठिकाणी ९९ टक्के कव्हरेज मागतं. त्यांच्या एका इमारतीची तळघरातली पंप रूम कोणाकडूनच पास होत नव्हती, ती आम्ही करून दिली होती. पत्राची बातमी कानावर गेल्यावर त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "बंद केल्यावरही नॉइज होता ना? मग तो तुमचा नाही." आणि सगळ्या इमारतींच्या वार्षिक टेस्टचे पैसे आगाऊ पाठवून दिले. आमच्याकडे त्यांचं काम आजही रांगेत थांबत नाही.

त्या पैशांवर पगार निघाले. मग मी आणि आमचा फोरमन यागी (एका दिशेचा सिग्नल पकडणारी अँटेना) आणि तो जुना अ‍ॅनालायझर घेऊन सुट्टीच्या दिवशी निघालो. पार्किंग गॅरेजच्या गच्चीवर चढायचं, ८०६ ते ८१५ मेगाहर्ट्झमध्ये बघायचं, यागी फिरवायची, रेष जिकडे उंच होईल ती दिशा नकाशावर मारायची आणि पुढची गच्ची गाठायची. ऑसिलेशनची, म्हणजे स्वतःच्याच सिग्नलने घुमणाऱ्या बूस्टरची, रेष ओळखू येते. माणूस बोलताना थांबतो, ती थांबत नाही; वर ऊन चढेल तशी बाजूला सरकते. नकाशावरच्या सगळ्या दिशा एका मेडिकल ऑफिसच्या इमारतीवर येऊन मिळाल्या.

आत काय निघालं? बाहेरचा सिग्नल घेणारी डोनर अँटेना गच्चीवर, आणि गच्चीच्या दारामागे, जिन्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर, तो आत पसरवणारी एक सर्व्हिस अँटेना. टेस्टला मजल्याचे २० चौकोन पाडतात; तिथला चौकोन नापास होत असणार, म्हणून आयत्या वेळी ठोकलेली. दोन्हींमधलं आयसोलेशन (एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत पोचताना होणारी घट) गेनपेक्षा, म्हणजे बीडीए सिग्नल जितका वाढवतो त्यापेक्षा, निदान २० डीबीने जास्त हवं. इथे एसीवाले दार उघडं टाकून वर काम करत आणि बीडीए स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळत सुटे, स्पीकरसमोर माइक धरावा तसा.

शहराच्या माणसाला बोलावून दाखवलं. दार लावलं, रेष गेली. दार उघडलं, रेष आली. आमची अ‍ॅक्सेप्टन्स सुटली. दिलगिरीचं पत्र अजून यायचंय. आणि ज्याने ते बसवलं होतं त्याचं काय? त्याने गेन उतरवला, अँटेना काढली, झालं. परवाच एका शाळेच्या टेंडरमध्ये तो आमच्या खाली उतरला; आमच्या केबलच्या खर्चात त्याचं अख्खं काम बसतं. टेंडरवाले खालचा आकडा बघतात, आयसोलेशनचा रिपोर्ट कोणी मागत नाही.

आता कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. काचा लागायच्या आधी सर्व्हे करू नका, उघड्या सांगाड्यात सगळंच पास होतं. केबलची वाट मात्र आधीच राखून ठेवा. ड्रायवॉल बंद झाल्यावर दोन तासांच्या फायर रेटिंगची शाफ्ट मागितली, तर आर्किटेक्ट घरात चोर शिरल्यासारखा बघतो. २० चौकोनांत दोन नापास चालतात, पण एकमेकांना लागून नकोत. आणि मोजायचं ते चौकोनाच्या मध्यावर, खिडकीपाशी जाऊन नाही. कामाची परवानगी असलेल्या आपल्या मुलांनी जीआरओएल, म्हणजे एफसीसीचं रेडिओ ऑपरेटरचं लायसन्स, काढून ठेवावं. एलिमेंट १ आणि ३, दोन लेखी परीक्षा, डिझाइनवर सही करायला उपयोगी पडतं.

आणि वार्षिक टेस्टला फायरवाल्यांना बोलवा, त्यांचाच रेडिओ त्यांच्या हातात असू द्या. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर फायरवाल्यांच्या रेडिओचा सिग्नल वाढवणारा रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ला उत्तर टॉवरच्या लॉबीत त्याचं दुसरं बटण दाबलं गेलं नाही आणि तिथल्या प्रमुखांना वाटलं, हा बंदच आहे. त्याच रिपीटरवर दक्षिण टॉवरमधले फायरफायटर बोलत होते. हे ऐकवलं की टेस्टचं बिल जास्त म्हणणारे मालक थोडा वेळ गप्प बसतात. मग पाच टक्के सूट मागतात.

त्या हॉटेलचं दहा टक्के रिटेनेज (बिलातून राखून ठेवलेले पैसे) शेवटी मिळालं. ते सोडवायला वकिलाला किती दिले तो हिशेब सौ.च्या फायलीत आहे, मला दाखवत नाही.