लाखाचे पिल्लू आणि त्या किमतीत न मिळणारी खात्री

नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तळ्याभोवती संध्याकाळी फिरायला येणाऱ्या कुत्र्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक बदल स्पष्ट दिसू लागला आहे. लॅब्राडोर, पग, बीगल आणि आपले देशी कुत्रे आहेतच. परंतु त्यांच्यासोबत आता माल्टीपू, कॉकापू, कॅव्हापू, क्वचित एखादा गोल्डनडूडल अशी कुरळ्या केसांची, खेळण्यासारख्या चेहऱ्याची कुत्रीही दिसतात. दोन वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचा ठरवून केलेला हा संकर असतो. त्यातील एक पालक बहुधा पूडल, म्हणजे केस फारसे न गळणाऱ्या कुरळ्या कुत्र्यांच्या जातीचा, असतो आणि पिल्लाची किंमत शुद्ध जातीच्या चांगल्या पिल्लाच्या कितीतरी पट, लाखाच्या घरात किंवा त्याहूनही वर सांगितली जाते. हे ऐकल्यावर बहुतेक माणसे ‘हौसेला मोल नसते’ असे म्हणून विषय संपवतात. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. पैसे मोजणाऱ्यांपैकी अनेकांना मी जवळून ओळखते. ती उधळी माणसे नाहीत. त्यांना एक खात्री विकत घ्यायची असते, आणि नेमकी तीच खात्री त्या किमतीत मिळतेच असे नाही, हे मला येथे मांडायचे आहे.

ही माणसे कोणत्या परिस्थितीत कुत्रा शोधतात, ते आधी पाहायला हवे. सीवूड्स, नेरुळ, खारघर या भागांत बहुतेक कुटुंबे एक किंवा दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहतात. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, घरात एखादे लहान मूल आणि एखादे वृद्ध माणूस असते. लॅब्राडोरचे केस सोफ्यावर, कपड्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, अगदी पोळीच्या कणकेतही सापडतात, हे ज्यांनी तो पाळला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. शिवाय लिफ्टमध्ये मोठा कुत्रा दिसला की शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. गृहनिर्माण संस्थांना कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितले आहे. तरीही रोजचे भांडण कोणाला हवे असते? अशा वेळी ‘केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, आकार लहान राहतो, मुलांशी प्रेमळ असतो’ असे एका दमात सांगणारी जाहिरात समोर आली, तर ती मनात घर करणारच. माझ्या मजल्यावरील एका तरुण आईने मला सरळ सांगितले, “ताई, पैशांचं काय, वर्षभर बाजूला टाकून जमवू. पण मुलाला दमा आहे. कुत्रा आणायचा आणि मग परत द्यायचा, हे मला जमणार नाही.” या वाक्यात हौसेपेक्षा काळजी अधिक आहे.

जाहिरातीतील ‘ॲलर्जी होत नाही’ या वचनाचा उगमही एका अशाच खऱ्या गरजेत आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन हे प्रजननाचे काम पाहत होते. हवाईमधील एका दृष्टिहीन महिलेला मार्गदर्शक कुत्रा हवा होता. पण तिच्या पतीला कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी आधी कितीतरी पूडल तपासून पाहिले. त्या कामासाठी त्यांतील एकही योग्य ठरला नाही. शेवटी त्यांनी पूडल आणि लॅब्राडोर यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवण्यात आले. तिन्ही पिल्ले सख्खी भावंडे होती, तरीही त्यांपैकी एकाच पिल्लाचा, सुलतानचा, त्या गृहस्थांना त्रास झाला नाही.

त्यानंतर जे घडले ते मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. उरलेली दोन पिल्ले सांभाळायला संस्थेच्या यादीतील कुटुंबे तयार होईनात, कारण त्यांना शुद्ध जातीचे पिल्लू हवे होते. मग कॉनरन यांनी ‘लॅब्राडूडल’ या नावाने हा नवा कुत्रा वृत्तपत्रांतून जाहीर होईल अशी व्यवस्था केली, आणि बघता बघता लोकांची रीघ लागली. पिल्ले तीच होती; कालपर्यंत ती कोणी घेत नव्हते, नाव मिळताच ती दुर्मीळ ठरली. पुढे कॉनरन यांनीच या कामाबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आपल्यामागून कोणतीही तपासणी न करता वाटेल त्या दोन जातींचा संकर करून विकणाऱ्यांचे पेव फुटले, याचे त्यांना दुःख होते.

आता ॲलर्जीविषयी. केस न गळणे आणि ॲलर्जी न होणे या दोन गोष्टी लोक एकच समजतात, आणि विक्रेतेही तो समज दूर करत नाहीत. कुत्र्यामुळे होणाऱ्या ॲलर्जीमागे प्रामुख्याने काही प्रथिने असतात. ‘कॅन एफ वन’ हे त्यांतील मुख्य. ते कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या सूक्ष्म कोंड्यात असते. केस हे केवळ त्याचे वाहन. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅब्राडूडल, पूडल अशा ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी नव्हे, उलट अधिक आढळले. आणि घरातील हवेतील त्याच्या प्रमाणात जातीनुसार फरक दिसला नाही. याचा अर्थ एखाद्या विशिष्ट मुलाला एखाद्या विशिष्ट कुत्र्याचा त्रास होणारच नाही, किंवा होईलच, असा नव्हे. सुलतान त्या गृहस्थांना चालला, ही गोष्ट खरीच आहे. परंतु ती त्या एका कुत्र्याविषयीची गोष्ट होती. तीन सख्ख्या भावंडांमध्येही जी बाब सारखी नव्हती, तिची हमी नावावर कशी देता येईल? म्हणूनच मी त्या आईला सांगितले, की आधी मुलाच्या डॉक्टरांशी बोल, आणि मग ज्या कुत्र्याचा विचार आहे त्याच्यासोबत, किंवा निदान त्याच्या आईवडिलांसोबत, मुलाला बराच वेळ घालवू दे.

केसांच्या प्रश्नालाही अशीच दुसरी बाजू आहे. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कुत्र्यांच्या केसांची लांबी, कुरळेपणा आणि मिशा-भुवयांचे झुबके यांतील बहुतेक विविधता केवळ तीन जनुकांच्या वेगवेगळ्या रूपांतून येते. पूडलकडून ही रूपे पिल्लात कशी उतरतात, यावर पिल्लू कुरळे होईल, लहरी केसांचे होईल की लॅब्राडोरसारखे केस गाळणारे होईल, हे ठरते. पहिल्या पिढीत थोडीफार सारखी पिल्ले मिळतात. पण तशाच दोन संकरित कुत्र्यांपासून पुढची पिढी घेतली, की एकाच वेतात सर्व प्रकार दिसू लागतात. हायब्रीड ज्वारी लावणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. घरचेच दाणे पुढच्या वर्षी पेरले तर शेत एकसारखे येत नाही, हे तो जाणतो आणि दर वर्षी नवे बियाणे घेतो. कुत्र्यांच्या बाजारात मात्र ‘एफ-वन’, ‘एफ-वन-बी’, ‘एफ-टू’ ही अक्षरे दर्जाच्या शिक्क्यासारखी वापरली जातात. एफ-वन म्हणजे पहिल्या पिढीचा संकर, एफ-वन-बी म्हणजे त्या संकराचा पुन्हा पूडलशी केलेला संकर, आणि एफ-टू म्हणजे दोन एफ-वन कुत्र्यांपासून घेतलेली पुढची पिढी. ही अक्षरे नाते सांगतात. पिल्लाचे केस, स्वभाव किंवा आरोग्य यांची ती हमी देत नाहीत.

आरोग्याच्या बाबतीत ‘संकर म्हणजे काटक’ ही समजूत खोलवर रुजली आहे. तिला काही आधार आहे. दोन जातींमधील दुर्बल जनुके वेगवेगळी असतील, तर संकरात ती झाकली जातात. पण दोन्ही जातींत एकच दोष असेल तर? हळूहळू अंधत्व आणणारा दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक आजार पूडल, लॅब्राडोर आणि कॉकर स्पॅनियल या तिन्ही जातींत आढळतो, आणि तो एकाच जनुकीय दोषामुळे होतो. दोन्ही पालक तो दोष वाहत असतील, तर संकरित पिल्लूही आंधळे होऊ शकते. खुब्याच्या सांध्याचा विकारही तसाच, लॅब्राडोरमध्येही आहे आणि मोठ्या पूडलमध्येही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२४ मधील अभ्यासात कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ नेहमीच्या विकारांबाबत तुलना करण्यात आली, ८६.६ टक्के तुलनांमध्ये काहीही फरक आढळला नाही. म्हणजे ही कुत्री अधिक आजारी नाहीत, पण अधिक निरोगीही नाहीत. ‘संकर आहे म्हणून निरोगी’ या दाव्यापोटी जो वाढीव पैसा घेतला जातो, त्याला आधार नाही.

मग किंमत एवढी का? काही खर्च खरे असतात, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लहान जातींची कुत्री एका वेताला मोजकीच पिल्ले देतात, कधी शस्त्रक्रिया करून बाळंतपण करावे लागते, पालकांच्या डोळ्यांच्या, खुब्यांच्या, हृदयाच्या आणि जनुकीय तपासण्या महाग असतात. जो प्रजननकर्ता हे सगळे करतो त्याने चांगली किंमत मागितली, तर मी ती योग्यच म्हणेन. परंतु जे तपासण्या करत नाहीत तेही तीच किंमत मागतात, कारण ग्राहक नावाला आणि चेहऱ्याला पैसे देतो, तपासणीचे कागद मागत नाही. त्यातच ‘केसीआयचे कागद मिळतील’ असे सांगून आणखी पैसे घेतले जातात. केनेल क्लब ऑफ इंडिया मान्यताप्राप्त जातींच्या कुत्र्यांची नोंदणी करतो. माल्टीपू किंवा गोल्डनडूडल ही त्याच्या लेखी जातच नाही. त्यामुळे अशा पिल्लाचे ‘केसीआय प्रमाणपत्र’ कोणी देऊ करत असेल, तर तिथेच व्यवहार थांबवावा.

फॅशनचा भाग अर्थातच आहे. आमच्या लहानपणी चाळीत आणि सिडकोच्या जुन्या वसाहतींत पांढरा पॉमेरियन असे, जो बहुतेक वेळा खरे तर इंडियन स्पिट्झ असायचा. मग २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि घरोघरी पग दिसू लागले. त्या पगांची चपट्या नाकामुळे होणारी घुसमट आपल्या उकाड्यात किती वाढते, हे पुढे पशुवैद्यांच्या दवाखान्यात लोकांना कळले. आज मोबाइलवरच्या छोट्या चित्रफिती तेच काम करतात, फक्त वेग वाढला आहे.

विकत घेताना जे कोणी सांगत नाही ते घरी आल्यावर समजते. पूडलचे केस घरभर पडत नाहीत, कारण गळलेला केस कुरळ्यांमध्ये अडकून राहतो. तो रोज विंचरून काढावा लागतो. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा मऊ, फुललेला दिसतो. पण लोखंडी कंगवा कानामागे, काखेत किंवा गळपट्ट्याखाली कातडीपर्यंत नेला की तो मध्येच अडतो. तिथे नमद्यासारखा गुंता झालेला असतो, आणि त्याखालची कातडी ओलसर, लालसर असते. जून ते सप्टेंबर नवी मुंबईच्या दमट हवेत अंगाचे केस दिवसभर पुरते वाळत नाहीत; कान लोंबते आणि आतून केसाळ असल्याने तिथे ओल धरते, वास येऊ लागतो आणि कुत्रा डोके झटकत राहतो. गुंता वाढला की ग्रूमरसमोर एकच मार्ग उरतो, सगळे अंग मशीनने कापून टाकणे. दर महिना-दीड महिन्याने होणारा हा खर्च पिल्लाच्या किमतीत कोणी धरत नाही. कुत्र्याचे आयुष्य बारा-पंधरा वर्षांचे असते. तेवढी वर्षे हा खर्च धरला, की पहिली रक्कम त्यापुढे लहान वाटू लागते.

आणि या व्यवहारात जिचा विचार सर्वांत कमी होतो ती पिल्लाची आई. पिल्लू व्हॉट्सॲपच्या चित्रफितीत दिसते, आगाऊ रक्कम यूपीआयने जाते, पिल्लू गाडीतून घरपोच येते. आई कुठे, कशी, कितव्यांदा व्यायली, हे विचारलेच जात नाही. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसंबंधीचे २०१७ चे केंद्रीय नियम याबाबत स्पष्ट आहेत. प्रजननकर्त्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असली पाहिजे, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात जेमतेम महिन्याची, नुकती दूध सोडलेली पिल्ले विकली जातात, कारण त्या वयात ती अधिक गोंडस दिसतात आणि विक्रेत्याचा सांभाळण्याचा खर्च वाचतो. आईजवळ आणि भावंडांत घालवायचे ते शेवटचे आठवडे पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचे, हे शिकत असते. जी कुटुंबे ‘मुलांशी प्रेमळ’ या वचनासाठी पैसे देतात, त्यांचेच त्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होते. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला प्रत्यक्ष जाऊन, आई समोर असताना पिल्लू पाहण्याचा आग्रह करते. नोंदणीचा क्रमांक आणि दोन्ही पालकांचे डोळे व खुबे तपासल्याचे कागद मागायला सांगते.

माझ्या मजल्यावरील त्या आईने पनवेलच्या बाजूच्या एका विक्रेत्याला हे सगळे विचारले. पहिल्या दिवशी त्याने “ताई, आई गावाला आहे” असे सांगितले, दुसऱ्या दिवशी किंमत दहा हजारांनी कमी केली, आणि डोळ्यांच्या तपासणीचा कागद मागितल्यावर उत्तर देणेच बंद केले. तिने आगाऊ रक्कम पाठवली नाही. सध्या ती शनिवार-रविवारी मुलाला घेऊन आमच्याच सोसायटीतील एका देशी कुत्रीच्या घरी जाते. आखूड केसांच्या त्या शांत कुत्रीसोबत मुलगा तास-दोन तास खेळतो, आणि रात्री त्याला धाप लागते का, हे ती वहीत लिहून ठेवते. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवायची, आणि मगच कुठले पिल्लू, कुठून आणि कितीला, हे ठरवायचे, असा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा निर्णय झाला आहे.